आगीची घंटा आणि भगीरथ मास्तर

सोमवार, १ डिसेंबर. सकाळी धुकं, अकरानंतर कोरडं ऊन.

बोरनळी गावच्या शाळेत भगीरथ मास्तर नावाचे एक भोळे गृहस्थ विज्ञान शिकवीत. भोळे हा शब्द त्यांच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता.

त्या दिवशी शाळेत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहित्याची नमुना पेटी आली. तारा, सेल, दिवे, घंटा. शुक्रवारी तपासणीसाहेब येणार. मुलांनी त्यातून काही चालतं करून दाखवलं तर आणखी वीस पेट्या मिळणार, नाहीतर हीसुद्धा परत जाणार.

पेटीवर छापलं होतं, ‘लहान मुलांपासून दूर ठेवा.’ मास्तरांनी ती कपाटात कोंडली आणि किल्ली घरी नेली.

“अहो, ती मुलांसाठीच आहे!” मुख्याध्यापिका शिंत्रेबाई म्हणाल्या. “शाळेतली वस्तू मुलांच्या हातात द्यायची असते.”

“बरं, बाई.”

मंगळवारी त्यांनी पेटी मुलांच्या हातात दिली. हजेरीपटही दिला. दुपारपर्यंत अख्खी आठवी मार्चअखेर हजर झाली. त्यात पेटीतले सेल मेलेले निघाले.

“डोकं आहे की मडकं?” बाई म्हणाल्या. “वस्तू आली की आधी चालवून बघायची!”

“बरं, बाई.”

बुधवारी आग विझवायचं लाल नळकांडं आलं. मास्तरांनी ते चालवून बघितलं. पार संपेपर्यंत.

भुवयांवरची पांढरी भुकटी झटकत बाई ओरडल्या, “आगीच्या वस्तूला खरी आग लागल्याशिवाय हात लावायचा नाही!”

“बरं, बाई.” मास्तरांनी रिकामं नळकांडं जागेवर टांगलं.

शुक्रवारी आकाश निरभ्र होतं. आठवीतल्या रुक्साना मुल्लाने नवे सेल घालून आगीची घंटा बनवली होती. ऊब लागली की वाजायची. प्रयोगशाळेत साहेबांसमोर तिने घंटेखाली काडी पेटवली. मास्तरांनी फुंकर मारली.

“थांब गं. आगीची वस्तू आहे. खरी आग हवी.”

“सर, काडीची आग खरीच असते.”

“जास्त शहाणपणा नको. चला, सगळे मैदानात!”

मुलं बाहेर गेली. मास्तरांनी प्रयोगशाळेचा पडदा पेटवला.

“अहो, हे काय करताय?” साहेब दारातून ओरडले.

“प्रात्यक्षिक, साहेब.”

घंटा बाराव्या सेकंदाला वाजली. मास्तरांनी धावत जाऊन नळकांडं आणलं आणि दांडा दाबला. फुस्स झालं.

साहेबांनी मैदानात उभं राहून वीस पेट्या मंजूर केल्या. प्रयोगशाळेचं छप्पर तीन वाजून दहा मिनिटांनी खाली आलं.