गजाबा पोचवायला जातो

घर्र घर्र घर्र... उसावर औषध फवारत एक विमान गेलं. तो आवाज सात वर्षांच्या गजाबाच्या कानात शिरला, तो तिथंच राहिला.

एका गावात एक भोळा वैमानिक होता, तो हाच. मोठेपणी तोही फवारणीचं विमान चालवू लागला. हात असा हलका, की उसाच्या शेंड्याला धक्का लागायचा नाही. पण विमानात खुर्ची एकच. आई बांधावरून म्हणायची, "गजाबा, मला एकदा वर ने रे."

तिला न्यायचं तर मोठ्या विमानाची नोकरी हवी.

"मग घरात काय बसलास?" आई म्हणाली. "चार मोठ्या माणसांत जा. ओळखी वाढव."

गजाबा एका लग्नाला गेला. पंगतीत शेजारीच मोठ्या विमानाचे खर्डेकर कॅप्टन. गजाबा पोटभर जेवला आणि घरी आला.

"बोललास का?"

"नाही. जेवत होतो."

"अरे वेड्या, जवळ जावं. जागा रिकामी आहे का, सरळ विचारावं."

"बरं."

आठ दिवसांनी एक म्हातारे वैमानिक वारले. दहाव्याला घाटावर सगळे गप्प उभे. कावळा पिंडाशी आलाच होता. गजाबा कॅप्टनांजवळ गेला. "साहेब, यांची जागा रिकामी झाली ना? मला मिळेल का?"

कावळासुद्धा उडून गेला.

आईनं कपाळ बडवलं. "अशा वेळी हात हातात घ्यावा. मान खाली घालावी. म्हणावं, झालं ते झालं, आता धीर धरा."

"बरं."

पुढच्या महिन्यात कॅप्टनांना बढती मिळाली. सत्कार झाला. हार, पेढे. गजाबानं त्यांचा हात हातात घेतला, मान खाली घातली. "झालं ते झालं, साहेब. आता धीर धरा."

कॅप्टन चमकले. मग पोट धरून हसले. "एवढ्या गर्दीत तूच खरं बोललास! सोमवारी ये. विमानावर तुझा हात बघतो."

"आईला आणू?"

"आण की."

कॅप्टन निघाले. गजाबा पेढा खात बसला.

"बसून राहिलास?" घरी आई म्हणाली. "मोठा माणूस उठला की आपण उठावं. मागोमाग जावं. दारापर्यंत पोचवावं."

"बरं."

सोमवारी विमान वर गेलं. पुढं कॅप्टन आणि गजाबा, मागं खिडकीशी आई. बाकी विमान रिकामं. गजाबानं ते असं नेलं, की आईच्या मांडीवरचा डबा हलला नाही.

"नोकरी तुझी!" कॅप्टन म्हणाले. "सांभाळ जरा. मी आईंना सांगून येतो."

कॅप्टन उठले.

गजाबाही उठला.

आईनं बघितलं, पुढं कॅप्टन, मागं लेक. "अगं बाई! अरे, विमान कोण चालवतंय?"

"कोणी नाही," गजाबा म्हणाला. "साहेबांना पोचवायला आलोय."

कॅप्टन उलट्या पावली पुढं पळाले.

विमान कसंबसं खाली आलं. आईनं घाम पुसला. गजाबानं हळूच विचारलं, "वरून आपला ऊस दिसला का गं?"

"दिसला रे बाबा."

कॅप्टन उतरले. टोपी काखेत मारली आणि फाटकाकडं चालू लागले.

गजाबा लगबगीनं त्यांच्या मागं निघाला. फाटकापर्यंत.