दोरीचे दुसरे टोक

“आच्चीने तुला काय सांगितले?”

भंतेंनी हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. हातातील अहवालावरची नजर त्यांनी तेव्हाही वर केली नाही.

“पुष्कळ काही,” केतकी म्हणाली. “ते शब्दांत मांडणे कठीण आहे, भंते.”

“इथे तर तू शब्दांतच मांडले आहेस. पान तीस.”

केतकी नम्रपणे हसली. त्या पानाची प्रशंसा ऐकण्याची तिला सवय झाली होती.

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका खेड्यात भंतेंचा, म्हणजे भदंत धम्मसार यांचा लहानसा विहार आहे. विहाराच्या मागील अंगणात अकरा अंध वृद्ध स्त्रिया राहतात. भदंत मूळचे वर्धा जिल्ह्यातील पुलगावचे. पाली शिकण्यासाठी ते चाळीस वर्षांपूर्वी येथे आले आणि येथेच राहिले.

केतकी निमकर पुण्याची. ऑस्ट्रेलियातील एका विद्यापीठात ती शिकत होती. विद्यार्थ्यांना परदेशांतील सेवासंस्थांशी जोडून देणारा एक उपक्रम ते विद्यापीठ चालवी. त्या उपक्रमातून ती गेल्या वर्षी सहा आठवडे या अंगणात राहून गेली होती. तिच्या अहवालाला पारितोषिक मिळाले. पाठोपाठ उपक्रमाची संयोजक म्हणून तिची निवडही झाली. मात्र एका अटीवर. यंदा बारा विद्यार्थ्यांची तुकडी येथे आणण्यास भंतेंची लेखी संमती तिने मिळवली पाहिजे.

तो कागद तिच्या मांडीवर होता. कोलंबोला परतण्याची गाडी दुपारी तीन वाजता येणार होती.

भंतेंनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचले :

“‘शेवटच्या दिवशी आच्चीने आपले अंतःकरण माझ्यापुढे मोकळे केले. अश्रूंना भाषा लागत नाही, हे मला त्या दिवशी समजले.’”

आच्ची म्हणजे आजी. त्या अंगणातील सर्वांत वृद्ध स्त्रीला सगळे याच नावाने हाक मारीत.

“छान आहे,” भंते म्हणाले. “पुलगावच्या शाळेत आम्ही याला कल्पनाविस्तार म्हणत असू. दहापैकी सात गुण मिळायचे.”

“भंते…”

“तुला जास्त मिळाले असतील. पुण्याची आहेस.”

केतकीच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले.

“तो अहवाल चार देशांतील विद्यार्थ्यांना वाचायला देतात,” ती म्हणाली. “तो वाचूनच या बारा जणांनी अर्ज केले आहेत. त्यांना खरोखर सेवा करायची आहे.”

“मी सेवेविषयी विचारले नाही, पोरी. आच्चीविषयी विचारले.”

भंते थांबले. केतकीने मांडीवरचा कागद सारखा केला.



“काही सांगितले नाही तिने,” केतकी अखेरीस म्हणाली. “सहा आठवडे मी विचारत राहिले. दुभाषे आपणच होता. तिची लेक कशी गेली, हे तिने आजवर कुणालाही सांगितलेले नाही, असे आपणच मला म्हणाला होता. मला वाटले, मी तिला बोलते करीन. पण ती रोज ‘उद्या’ म्हणायची.”

“मग?”

“अहवालाला शेवट हवा होता.”

“म्हणून खोटा लिहिलास.”

“तेवढा एकच परिच्छेद, भंते. बाकीची एकोणतीस पाने खरी आहेत.”

भंतेंनी अहवाल मिटला आणि तिच्यापुढे ठेवला.

“तेवढा एकच परिच्छेद खरा आहे,” ते म्हणाले.



“मला समजले नाही.”

“शेवटच्या दिवशी तू कुठे बसली होतीस?”

“ओसरीवर. आच्चीबरोबर दोरी वळत होते.”

त्या अंगणातील स्त्रिया काथ्याच्या दोऱ्या वळतात. हे काम एकटीने होत नाही. एकीने पेड पिळायचे. दुसरीने वीस हात अंतरावर बसून दोरीचे दुसरे टोक ताणून धरायचे. दोघींनाही दिसत नसल्यामुळे त्यांनी आपली रीत पाडून घेतली आहे. दोरीला एक हिसका म्हणजे ‘आहेस का?’ उलट एक हिसका म्हणजे ‘आहे.’ उठायचे असेल, तर तीन हिसके द्यायचे. मग पिळणारी हात थांबवते. तीन हिसके दिल्यावाचून तेथे कोणी उठत नाही.

“आणि गाडी आली,” भंते म्हणाले.

“हो. वेळेआधीच आली.”

“तीन हिसके दिलेस?”

केतकीने मान खाली घातली.

“निरोप लांबवू नये, असे आम्हांला प्रशिक्षणात शिकवले होते. निरोप घेतला, की वृद्ध माणसे व्याकूळ होतात. तिला रडू येऊ नये, म्हणून मी…”

“म्हणून?”

“टोक खांबाला बांधले आणि निघाले. दोरी ढिली पडली असती, तर तिची मेहनत वाया गेली असती.”

“गाठ चांगली होती,” भंते म्हणाले. “सोडवायला मला दोन माणसे बोलवावी लागली.”

केतकीने वर पाहिले.

“त्या सकाळी आच्ची माझ्याकडे आली होती,” भंते सांगू लागले. “भिंतीला हात लावत एकटीच आली. मला म्हणाली, ‘आज सांगणार आहे. त्या पाहुण्या पोरीला.’ मी म्हटले, ‘चांगले झाले. मी दुभाषा म्हणून येतो.’ ती हसली. ‘तुम्ही येऊ नका,’ म्हणाली. ‘तिला माझी भाषा कळत नाही. म्हणूनच तिला सांगणार आहे.’”

“म्हणूनच…?”

“ज्याला कळते, तो समजूत घालतो. मी भिक्षू आहे. मी तर उपदेशही करतो. तिला यांपैकी काही नको होते. तिला फक्त दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी हवे होते.”

केतकी पुढे सरकून बसली.

“गाडी गेली. तुला न घेताच गेली, असे मला वाटले. धूळ खाली बसली. आणि ओसरीवरून तिचा आवाज येऊ लागला. मी पायरीवर होतो. कानांवर शब्द पडू नयेत, म्हणून विहिरीपलीकडे जाऊन उभा राहिलो. दुरूनच पाहिले. ती पेड पिळत होती आणि बोलत होती. मध्येच रडली. पुन्हा बोलू लागली. मला वाटले, तू समोर आहेस. वीस हात दोरी. पलीकडचे टोक मला दिसत नव्हते.”

“किती वेळ…?”

“ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत.”

“काय बोलली, भंते?”

“खांबाला विचार.”



“तिला हे कसे कळले?” केतकीने फार हळू विचारले. “आपण सांगितले?”

“सगळे बोलून झाल्यावर तिने दोरीला एक हिसका दिला. खांब उलट हिसका देत नाही.”

“आणि?”

“तिने पुन्हा दिला. मग मी धावलो.”

केतकीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मांडीवरचा कागद घसरून खाली पडला. भंतेंनी तो उचलला, वाचला, नीट घडी घातली आणि तिच्या हाती परत दिला.

“आपण सही करणार नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“त्या मुलांचा यात काय दोष? चूक माझी होती. मी त्यांना सगळे शिकवीन. तीन हिसके द्यायलाही शिकवीन.”

“सहा आठवड्यांत शिकतील?”

“नक्की शिकतील, भंते.”

“आणि शिकले, की जातील.”

केतकीने हातातील घडी केलेला कागद पुन्हा पुढे केला.

“बारा जण पाठवू म्हणतेस,” भंते म्हणाले. “ओसरीला चौदा खांब आहेत. आमचे भागते.”

हे बोलताना त्यांच्या स्वरात राग नव्हता. तो असता, तर केतकीला काहीतरी उत्तर देता आले असते.

तिने घड्याळ पाहिले. दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. तिने संमतिपत्र पिशवीत ठेवले. अहवालही ठेवला. मग ती उठली. मात्र फाटकाकडे वळली नाही.

“भंते, मला आच्चीला भेटायचे आहे. तिची क्षमा मागायची आहे.”

“ती ओसरीवर आहे. टोक धरणारी आजारी आहे, म्हणून सकाळपासून दोरी तशीच पडली आहे.”

“मी धरू?”

भंतेंनी ‘हो’ म्हटले नाही. ‘नाही’ही म्हटले नाही.

आच्ची भिंतीशी बसली होती. गेल्या वर्षापेक्षा ती लहान दिसत होती. तिच्या पुढ्यात काथ्याचा ढीग होता आणि हात त्या ढिगावर स्वस्थ होते. पूर्वी दोरी वळताना ती अखंड बोलत असे. पावसाविषयी, मिठाविषयी, इतर बायकांच्या घोरण्याविषयी. त्या दिवसापासून ती काम करताना बोलत नाही, असे भंतेंनी चालता चालता सांगितले. हिसका मात्र देते. दर चार-पाच पिळांनी देते. इतक्या वेळा, की इतर बायका कंटाळतात आणि तिच्याबरोबर बसायला कुरकुरतात.

केतकी वीस हात दूर जाऊन बसली. तिने जमिनीवरचे टोक उचलले आणि ताणून धरले.

आच्चीच्या हाताला ताण जाणवला. तिने मान किंचित तिरकी केली. मग पेड पिळू लागली.

चार पीळ झाले.

एक हिसका आला.

केतकीने उलट एक हिसका दिला.

पुन्हा पीळ. पुन्हा हिसका. पुन्हा उत्तर. दोरी सावकाश लांबत होती. केतकी मागे सरकत होती. काथ्याने तिचे तळवे सोलवटले होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. पण दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हते. भंते तिच्यामागे उभे होते.

कितीतरी वेळ असाच गेला…

मग आच्चीचे हात थांबले. हिसका आला नाही. तिने चेहरा दोरीच्या दिशेने वळवला आणि विचारले :

“कवुद?”

केतकीने भंतेंकडे पाहिले.

“कोण आहे, असे विचारते आहे,” भंते हलक्या आवाजात म्हणाले.

“तिला माझे नाव सांगा,” केतकी कुजबुजली. “नको, मीच सांगते. तेवढी सिंहली मला येते. मी आहे, असे सांगते. मला सांगू द्या, भंते. निदान आज तरी तिला कळू दे, की पलीकडे मी आहे.”

फाटकाबाहेर गाडीचा भोंगा वाजला. चालकाने केतकीचे नाव घेतले नाही. फक्त पुन्हा एकदा भोंगा वाजवला.

आच्ची उत्तराची वाट पाहत होती. तिच्या बोटांमधील पेड उलगडू लागले होते.

“किती दिवस राहणार आहेस?” भंतेंनी विचारले.

केतकीने दोरी अधिक घट्ट धरली. तिने फाटकाकडे पाहिले. आच्चीकडे पाहिले.

“परवा विद्यापीठात हजर व्हायचे आहे, भंते…”

भंते खाली वाकले. अंगणात दुसऱ्या कोणालाही ऐकू जाणार नाही, इतक्या हळू ते म्हणाले :

“मग नाव सांगू नकोस.”