नागोबाची जुनी कात

एका उंबराच्या ढोलीत एक होती साळुंकी आणि एक होता तिचा साळुंका. दोन वेळा बोक्याने त्यांची अंडी खाल्ली. तिसऱ्यांदा अंडी घातल्यावर साळुंकी शेजारीपाजारी फिरली. "नको असलेलं काही द्या हो, दाराला आडोसा करते."

रानात दानशूर काय कमी! मोराने गळून पडलेलं पीस दिलं आणि ते सांगत रानभर नाचला. दात पडलेल्या म्हाताऱ्या नागोबाने कात दिली. "घे, मला घट्टच होते. पण नाव माझं सांग हो!"

सुगरणीकडे द्यायला काही नव्हतं. ती शेजारी बसून गवताची पक्की गाठ मारायला शिकवून गेली. त्याच गाठीने साळुंकीने कात दाराला बांधली, तोंड बाहेर लोंबतं ठेवून.

बोका आला, सापाचं तोंड बघितलं आणि शेपूट घालून पळाला.

हे कळताच नागोबा फुसफुसत आला. "एवढी कामाची वस्तू? दे परत!"

"न्या की नागोबा. फक्त इथंच घालून दाखवा, अंगाला बसली तर तुमची."

नागोबाने शेपटी घातली, ती अर्ध्यातच अडकली. सगळं रान हसलं. नागोबा तोंड पाडून वारुळात गेला, आणि साळुंकीच्या ढोलीत पहिल्यांदाच पिल्लांच्या चोची उघडल्या.