बयाजीने बुजवलेली बिळं

एका गावात एक भोळा जावई होता. जावई तो सासुरवाडीला. आपल्या गावात नुसताच बयाजी. त्याची बायको हौसा चांगली हुशार होती. लग्नात तिने माहेराहून एक तांबडी कोंबडी आणली होती. परसात खुराडं होतं, खुराड्यात तांबडी आणि आणखी चार कोंबड्या होत्या, आणि खुराड्याच्या चहूबाजूंना उंदीर होते.

गेल्या खेपेला तांबडी अंड्यांवर बसली तेव्हा उंदरांनी एकूण एक अंडं कुरतडलं. प्रत्येक अंड्याला एक भोक. ती भोकं बयाजीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. अंड्यातून पिल्लू निघताना मात्र त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

यंदा तांबडी पुन्हा खुडूक झाली. हौसाने तिच्याखाली अकरा अंडी मांडली. माहेराहून सासूबाईंचा निरोप आला, "मी पिल्लं बघायला येतेय. या खेपेला पिल्लं दिसली नाहीत, तर माझी तांबडी मी परत नेणार."

दोन आठवडे धड गेले. मग खुराड्याशी उंदरांच्या लेंड्या दिसू लागल्या. हौसाला रोज शेतावर जावं लागे. ती म्हणाली, "अहो, आता सगळं तुमच्या हाती. उंदीर दाण्याच्या वासाने येतात. खुराड्यापुढे एक दाणा दिसता कामा नये."

"नाही दिसणार," बयाजी म्हणाला. विसरायला नको म्हणून त्याने उपरण्याला एक गाठ मारली.

त्याने दाण्याचा डबा घट्ट लावला. परस झाडून काढलं. एका कोंबडीच्या चोचीत दाणा राहिला होता, तोही मागून घेतला.

संध्याकाळी हौसा आली तर चारही कोंबड्या उपाशीपोटी तिच्या अंगावर धावल्या. तांबडी खुराड्यातूनच ओरडत होती.

"अहो, आधी खाऊ द्यायचं! दाणे टाकायचे, समोर उभं राहायचं, आणि खाणाऱ्याने तोंड फिरवलं की उरलेलं उचलायचं."

"असं होय!" बयाजीने दुसरी गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी सासूबाई आल्या. बयाजीने त्यांना पिठलं-भाकरी वाढली आणि तो समोर उभा राहिला. सासूबाईंनी दोन घास खाल्ले. तेवढ्यात त्यांना शिंक आली. ताटात नको म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. शिंकून वळतात तो ताट नाही.

"जावईबापू, माझं ताट?"

"डब्यात ठेवलं. उंदीर येतात."

शेतावरून परतलेल्या हौसाने हे ऐकून कपाळावर हात मारला. "अहो, माणसाशी असं वागतात का? दारी आलेल्याला आग्रह करायचा! नको नको म्हणाला तरी एक भाकरी जास्त वाढायची."

बयाजीने तिसरी गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी एक उंदीर परसात आला. बयाजीने त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवला. उंदीर बिळात पळाला.

"लाजू नका हो," बयाजी म्हणाला, आणि त्याने अख्खी भाकरी बिळाच्या तोंडाशी ठेवली. वर गूळ ठेवला. उंदीर लाजला नाही. संध्याकाळपर्यंत तो घरच्या सगळ्यांना घेऊन आला.

"उंदरांना जेवायला घालता?" हौसा ओरडली. "अहो, त्यांना चाप लावतात, चाप!" तिने खुराड्याच्या दाराशी पेंढ्यात चाप दडवला, त्याला खोबऱ्याचा तुकडा लावला आणि नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली, "आता याचं नाव तोंडातून काढायचं नाही. उंदरांना सगळं ऐकू जातं."

बयाजीने ओठ घट्ट मिटले. नुसती चौथी गाठ मारली.

सकाळी सासूबाई तांबडीला बघायला गेल्या. बसायला जागा करावी म्हणून पेंढ्यात हात घालू लागल्या. बयाजीने ते पाहिलं. त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं.

खटॅक!

सासूबाईंचं बोट वांग्याएवढं सुजलं. "मेल्या, उभा राहून बघत होतास, सांगायला काय झालं?"

"कसं सांगू?" बयाजी हळूच म्हणाला. "उंदीर ऐकत होते."

हौसा बोटाला हळद लावत म्हणाली, "अहो, चापाकडे कुणी जाताना दिसलं, की मोठ्याने ओरडायचं! थांब, पुढे चाप आहे!"

पाचवी गाठ.

त्याच संध्याकाळी एक गलेलठ्ठ उंदीर खोबरं हुंगत चापापाशी आला. एक पाऊल राहिलं होतं.

"थांब! पुढे चाप आहे!" बयाजी गरजला.

उंदीर थांबला. चाप बघितला आणि माघारी गेला.

"ऐकलं त्याने," बयाजी कौतुकाने म्हणाला. "सासूबाईंपेक्षा शहाणा निघाला."

सासूबाईंनी सुजलेलं बोट वर केलं. "जावईबापू, चाप तुम्हाला नाही झेपायचा. उद्या मी आणि हौसा पिल्लांसाठी कण्या आणायला जातोय. तुम्ही एवढंच करा. भोक दिसलं की चिखलाने बुजवायचं. आतून कुरतडल्याचा आवाज आला, तर आणखी जाड लिंपायचं. आणि आत कुणी कितीही चीं चीं केलं, तरी दया दाखवायची नाही."

बयाजीने सहावी गाठ मारली. उपरण्याला आता जागा उरली नव्हती.

तो एकविसावा दिवस होता. बयाजीने चिखल कालवला. भिंतीतली बिळं बुजवली, कुडातली बुजवली, खुराड्याखालची बुजवली. एकही चुकलं नाही. मग तो हात धुवायला निघाला, तोच खुराड्यातून आवाज आला.

टक. टक. टक.

बयाजीने कान दिला. आवाज तांबडीच्या पोटाखालून येत होता. तांबडीने तीनदा चोच मारली, तरी त्याने तिला उचललं.

अंड्याला भोक! दुसऱ्यालाही! आतून कुणीतरी कुरतडत होतं आणि वर चीं चीं करत होतं!

पुन्हा तेच! तांबडी गेली! बयाजीने सहावी गाठ चाचपली आणि तो कामाला लागला.

तासाभराने मायलेकी कण्या घेऊन आल्या. बयाजी कोपरापर्यंत चिखलाने भरला होता. तांबडी त्याच्या डोक्यावर बसून टोचत होती.

"हौसा, उंदीर भारी बिलंदर," तो धापा टाकत म्हणाला. "सगळी बिळं बुजवली, तर अंड्यांत जाऊन बसले! पण एकाला बाहेर येऊ दिलं नाही. अकराच्या अकरा आत!"

हौसाने टोपली टाकली. सासूबाई सुजल्या बोटानेच ओला चिखल खरवडू लागल्या. एक अंडं फुटलं. मग दुसरं. ओलीचिंब, चिखलाची टोपी घातलेली अकरा पिल्लं चिवचिवत बाहेर आली आणि बयाजीच्या पायांवरून चालू लागली.

बयाजी मटकन खाली बसला.

"काय केलंत हे, सासूबाई!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "सगळे सोडलेत ना!"