खट्‌कन बसलेली चक्री

फार पूर्वी दोन भावांची सारखीच रिव्हॉल्व्हरं एकाच फडक्यावर साफ झाली आणि गोळ्या भरायच्या चक्र्यांची अदलाबदल झाली. थोरल्या हैबतरावांच्या रिव्हॉल्व्हरात धाकट्याची चक्री खट्‌कन बसली.

“बसले की मी. भरा आता गोळ्या,” चक्री म्हणाली.

“थांब,” नळी घाबरून म्हणाली. “तुझं एखादं गोळीचं घर माझ्यासमोर नीट येत नसेल. बार उडाला तर मालकांचा हात जाईल.”

हैबतरावांनी गोळ्या उचलल्या. मग रोजच्या सवयीने त्या खाली ठेवून घरं नळीसमोर सरळ येतात का ते पाहायला आधी नळीतून पितळी गज सोडला. चक्रीच्या एकेका घरात तो सरळ उतरला. शेवटच्या घराच्या काठावर मात्र अडला.

“बाकीच्या घरांत गेलास ना?” चक्री चिडली.

“गेलो,” गज म्हणाला. “पण गोळी याही घरातून सुटणार होती.”