जुन्या बोलीतली हाक

"सगळ्या ओळी हिरव्या आल्यात, उस्ताद. आता आणखी काय तपासायचं राहिलं?"

उस्तादांच्या घरी बसून शलाकाने त्यांचा लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. मिरजेतल्या मुलांच्या दवाखान्याचा सर्व्हर तिने एकटीने उभा केला होता. लेकरांची दुखणी, रक्ताचे रिपोर्ट, आयांचे फोन नंबर… सगळं त्यावर जायचं होतं. उद्या सकाळी तो चालू व्हायचा होता, आणि तिची मान आजच ताठ झाली होती.

दस्तगीर उस्तादांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. सर्व्हरची कुलपं तपासायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"काय विचारलंस सर्व्हरला?"

"नवं, भक्कम एन्क्रिप्शन येतं का, विचारलं. येतं म्हणाला."

"हं… सज्जनासारखं विचारलंस. चोर असं विचारतो का, बेटा?"

त्यांनी काळ्या पडद्यावर एकच कमांड लिहिली. मला नवं काही येत नाही, जुन्याच पद्धतीने बोल, एवढाच तिचा अर्थ. ती जुनी पद्धत कधीच फुटलेली. तिच्यातलं बोलणं वाटेत कुणीही वाचून घ्यावं.

सर्व्हर लगेच कबूल झाला.

शलाकाचा चेहरा उतरला. "ते… दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांसाठी ठेवलंय. त्यांच्या घरचा कॉम्प्युटर जुना आहे. त्याला नवं झेपत नाही."

"आणि लेकरांचे रिपोर्ट?"

शलाकाने लॅपटॉप ओढून जुनी पद्धत बंद केली, सर्व्हर पुन्हा चालू केला.

फोन वाजलाच. उद्याच्या आधी मोठे डॉक्टर घरून सर्व्हर चाळून बघत होते, त्यांचं मध्येच तुटलं होतं.

"काय पोरखेळ चाललाय? होतं तसं कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

फोन बंद झाला.

उस्ताद हळूच म्हणाले, "कर बेटा, होतं तसं."

"काय?"

"माझ्या नातवाला त्यांनी मरणाच्या दारातून ओढून आणलंय. त्यांना नाही कसं म्हणू? एका माणसापुरतं तर आहे."

"सर्व्हरला माणूस कळत नाही, उस्ताद. त्यांना उघडलं की सगळ्या गावाला उघडलं."

"माझा शब्द आहे हा. उस्तादाचा."

तिने कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

"असू दे. नाही उघडणार. त्यांच्यासाठी नाही, नि तुमच्यासाठीही नाही."

"मग या घराची पायरी चढू नकोस."

"नाही चढत! दवाखान्यातनंही काढू दे. पण कुण्या आईने विश्वासाने सांगितलेलं लेकराचं दुखणं मी चव्हाट्यावर नाही मांडणार. जा, काय करायचं ते करा!"

…

चपला घालता घालता तिला रडू फुटलं. तरी दारातून ती वळलीच.

"जाते मी. पण मी बंद केलंय ते नीट बंद झालंय का, तेवढं एकदा तपासा. तुमच्या त्या कमांडने."

उस्तादांनी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. किटलीतला चहा एका कपात ओतला आणि तो कप तिच्या रिकाम्या जागेपुढे सरकवला.

"बस. आत्ताच तर तपासलं… तुला."