शाळिग्रामाची मोहरकी

एका राज्यात मेलेल्याला मेला म्हणायची कुणाची छाती होत नव्हती. मकरध्वज तिथला राजा. बाराशे घोड्यांची पाग, सात दरवाज्यांचा तट, काय नव्हतं त्याच्याकडे? पण त्याचा एकुलता एक मुलगा पद्मसेन काळ्या अरण्यात शिकारीला गेला, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा घोडा शाळिग्राम एकटाच परतला. खोगीर रिकामं, त्यावर रक्त. घोडा पागेच्या दाराशी आला, गुडघ्यांवर बसला आणि कलंडला तो कलंडलाच.

हैबती मोतद्दार धावला. शिंगरू होतं तेव्हापासून शाळिग्रामाचा चारा, पाणी, खरारा सगळं त्याच्याच हातचं. त्यानं मानेखाली हात घातला मात्र, त्याला कळलं. जनावर गेलं होतं. एवढ्यात राजा अनवाणी धावत आला.

"हैबती, उठव त्याला. माझ्या पद्मसेनाची वाट त्यालाच ठाऊक आहे."

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं की! अहो, चाळीस वर्षं 'जी महाराज' म्हणण्यात गेलेली जीभ ती. वळायची तशीच वळली. "जी महाराज," हैबती म्हणाला, आणि खुंटीवरचा कोरडा काढून त्यानं पहिला फटका मारला.

अनर्थाला सुरुवात झाली ती तिथून. दुसऱ्याच दिवशी विकट नावाचा मांत्रिक दरबारी आला. दात पडलेले, कंबर वाकलेली, वय शंभरीच्या पलीकडचं. "घोडा उठेल, राजा. रोज हजार फटके पडले पाहिजेत, आणि मी मागेन ते मिळालं पाहिजे." त्यानं चिमूटभर राख फुंकली. त्या दिवसापासून शाळिग्राम सडेना की हलेना. नगरातले धडधाकट पुरुष पाळीपाळीनं कोरडा ओढू लागले. शेतं पडीक पडली. जो मारी त्याचे केस पिकत आणि विकटाचे काळे होत. सगळ्यांना दिसत होतं हो! पण राजाच्या तोंडावर बोलणार कोण?

आणि त्या राज्यात जन्म थांबले. गाय वियेना, अंड्यातून पिल्लू बाहेर येईना. हैबतीची लेक साळू बाळंतपणाला माहेरी आली होती. नऊ महिने भरले, दहावा गेला, बारावाही सरला. कळा येत आणि विरून जात. डोळे खोल गेले, पाय सुजले. सुईण म्हणाली, "हैबती, पोर फार तर महिनाभर काढील." हैबती त्या दिवसापासून वेड्यासारखा राबू लागला. घोडा उठेल, सगळं सुरळीत होईल, माझी साळू सुटेल, एवढंच त्याच्या डोक्यात. मेलेलं जनावर उठत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण आशा मोठी वाईट, बाबांनो.

विकटानं पहिल्यानं मागितलं हाडांच्या कुरणातलं गवत. तिथं विळा लावला की पात्यातून रक्त येई आणि गवत बायकांच्या आवाजात ओरडे. हैबतीनं कानांत मेण घातलं, भारा कापला, पाठीवर वाहून आणला आणि घोड्याच्या तोंडाशी टाकला. घोडा हलला नाही.

मग मागितलं पाताळविहिरीचं पाणी. विहिरीला सात पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी माणसाची एक आठवण काढून घेई. सातव्या पायरीवर हैबतीच्या मेलेल्या बायकोचा चेहरा गेला. पुन्हा कधी आठवला नाही. घागर घेऊन तो वर आला तेव्हा काठावर टिटवी बसली होती.

"कुणासाठी नेतोस पाणी?" टिटवीनं विचारलं.

"शाळिग्रामासाठी."

"गेलेल्याला तुम्ही जाऊ देत नाही, हैबती. मग येणाऱ्यानं यायचं कुठल्या वाटेनं?"

"हुकूम राजाचा आहे. मी काय करू?"

"हुकूम राजाचा, हात तुझा," टिटवी म्हणाली आणि उडून गेली. हैबती घागर घेऊन पागेत आला. पाणी घोड्याच्या ओठांवरून ओघळून मातीत जिरलं. घोडा हलला नाही.

तिसऱ्यांदा विकट आधी हसला. त्याच्या तोंडात आता बत्तीस दात होते. "कोरडा बदलू या. अडलेल्या बाईच्या वेणीचा कोरडा हवा. लांब जायला नको, तुझ्याच घरात आहे."

हैबती कात्री घेऊन घरी गेला. साळू भिंतीला टेकून बसली होती. तिनं कात्री पाहिली, बापाचं सगळं ऐकून घेतलं आणि पाठ वळवून वेणी त्याच्या हातात दिली.

"कापा, आबा. पण एक सांगा. घोडा मेलाय हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. मानेखाली हात घातला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"महाराजांनी उठव म्हटलं, मी जी म्हटलं. एकदा म्हटलं, मग मागं कसं घेऊ?"

साळू गर्रकन त्याच्याकडे वळली. "अहो, तुमच्या एका 'जी'पायी सगळं राज्य अडलंय! माझं सोडा. त्या मुक्या जनावराला तुम्ही लेकरासारखं वाढवलंत ना? त्याला मरू तरी द्या!"

हैबतीनं कात्री टाकून दिली. तो भिंतीशी बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मग डोळे पुसून उठला आणि तडक पागेकडे चालू लागला.

आता त्या राज्याची रीत ऐका. पागेतला घोडा गेला की मोतद्दारानं त्याची मोहरकी, म्हणजे तोंडाला बांधलेली दोरी, उतरवून धन्याच्या पायाशी ठेवायची. मोहरकी उतरेपर्यंत घोडा हयात धरायचा. ती फक्त मोतद्दारानंच उतरवायची, राजालाही तो हक्क नाही. विकटाचा सगळा मंत्र त्या एका दोरीवर उभा होता.

फटके चालू होते. राजा रोजच्यासारखा समोर बसला होता. हैबती फटक्यांच्या मधे शिरला. दोन त्याच्या पाठीवर बसले. तो गुडघ्यांवर बसला, शाळिग्रामाच्या कपाळावरून हात फिरवला आणि मोहरकीची गाठ सोडू लागला.

"हात तोड त्याचा, राजा!" विकट किंचाळला.

राजानं तलवार उपसली. "हैबती, दूर हो. उठेल तो."

"नाही उठणार, महाराज. शाळिग्राम मेला. आला त्याच दिवशी मेला. मी तुमच्याशी खोटं बोललो." त्यानं मोहरकी राजाच्या पायाशी ठेवली.

राजाची तलवार हवेत तशीच राहिली. त्यानं अगदी हळू विचारलं, "आणि माझा पद्मसेन?"

हे कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. हैबतीला वाटलं, जीभ आत्ताच झडून जावी.

"युवराजही गेले, महाराज."

तलवार खाली पडली. राजा त्या घोड्याच्या अंगावर कोसळला आणि बाप रडतो तसा रडला. त्याच घटकेला शाळिग्रामाची माती झाली. विकटानं चोरलेली वर्षं एकदम त्याच्या अंगावर आली. तो वाळला, वाकला, आणि उभ्या जागी त्याचा भुगा झाला. तो कुणी झाडायलाही थांबलं नाही. पुरुषांनी कोरडे टाकले आणि आपापल्या घरांकडे धाव घेतली, कारण गोठ्यागोठ्यांतून गाई हंबरत होत्या. राजानं पुत्राचं सुतक धरलं, तेरा दिवस पाळलं, आणि चौदाव्या दिवशी सिंहासनावर बसून न्यायनिवाडा सुरू केला.

हैबती घरी पोचला तेव्हा साळू बाळंत झाली होती. जुळं होतं. सुईणीनं एक पोर त्याच्या हातात दिलं. मुलगी, टाहो फोडत होती. दुसरं फडक्यात गुंडाळून सुईण कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, मान खाली घालून.

"आबा," साळूनं विचारलं, "दुसरं रडत का नाही? या बाई काही सांगत नाहीत."

हैबतीनं मुलीला तिच्या कुशीत ठेवलं. कोपऱ्यात जाऊन फडकं उघडलं, त्या इवल्याशा छातीवर आपला तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग लेकीजवळ येऊन बसला, तिचा हात हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "हा मुलगा होता, साळू. हा गेला."